तिसावा वल्हेकरी

सगळ्यात आधी माफी मागतो. मी लेखक नाही. या ग्रुपवर दोन वर्षं लोकांचे गूढ अनुभव नुसते वाचतोय, कुणाच्या अनुभवाखाली कधी एक ओळसुद्धा टाकलेली नाही. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलं नाही, त्यामुळे घरचे अर्ज, पत्रं मीच लिहितो... पण असं काही लिहायला बसण्याची ही पहिलीच वेळ. तुमच्यासारख्या जाणत्या लोकांपुढे हे मांडायचा मला अधिकार आहे की नाही, तेही माहीत नाही. चुकलं तर सांभाळून घ्या.

असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता. इथले अनुभव वाचतानाही मी मनातल्या मनात कारणं शोधायचो — वायरिंग खराब असेल, अंगात ताप असेल, मांजर असेल. स्वतःच्या बाबतीतही मी पाच महिने तेच करत होतो.

मी मूळचा केमचा, तालुका करमाळा. आमच्या गावात कुंकवाचे कारखाने आहेत. माझे वडील — अण्णा — त्यातल्याच एकात कामाला आहेत. त्यांचे हात, नखं, सदऱ्याची कॉलर कायम लाल असते. शिक्षणासाठी मी सोलापूरला काकूकडे राहतो. अशोक चौकाच्या मागे दोन खोल्या, वर पत्रा. काकू टॉवेलांच्या कडा शिवते.

काकूचे मालक, म्हणजे अण्णांचे थोरले भाऊ, त्यांना आम्ही आप्पा म्हणायचो. आप्पा चादरीच्या कारखान्यात कार्डं पाडायचे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. चादरीवरची नक्षी आधी पुठ्ठ्याच्या लांबट पट्ट्यांवर भोकं पाडून ‘लिहिलेली’ असते. त्या पट्ट्या दोऱ्यानं एकमेकींना शिवून त्यांची माळ करतात आणि माग एकेक पट्टी वाचत विणत जातो. भोक असेल तिथला धागा उचलायचा, नसेल तिथला सोडायचा. मग कारखान्यात कॉम्प्युटर आला आणि चार-सहा महिन्यांत कार्डांचं काम संपलं. त्यानंतरच्या संक्रांतीला, मी चौथीत असताना, आप्पा एका सकाळी डबा घेऊन घरातून निघाले ते परत आले नाहीत. पोलिसात तक्रार झाली, पेपरात फोटो आला. काही कळलं नाही. काकू रोज सकाळी कुंकू लावत राहिली. ते कुंकू अण्णा आणायचे. केमहून येताना दर वेळी एक पुडी.

आता मूळ गोष्ट.

शेवटच्या वर्षाला मी आणि इरफाननं प्रोजेक्ट म्हणून एक गेम घेतला. प्राचीन काळच्या आरमारांचा, डावपेचांचा. चित्रं इरफानची, जहाजांची लढाई माझी. मी समुद्र पाहिलेला नाही. पुण्याला जाताना रेल्वेच्या खिडकीतून उजनीचं पाणी दिसतं, माझं पाणी तेवढंच. पण त्या वल्ह्यांच्या जहाजांबद्दल मी मिळेल ते वाचलं. ती शत्रूच्या कुशीत नाकानं धडक मारायची. वळायचं तर एका बाजूची वल्ही धरून ठेवायची आणि दुसऱ्या बाजूची मारायची. माणसं थकली की जहाज थकायचं. मला हे फार आवडलं. म्हणून मी नियम असा केला की जहाजाला स्वतःचा वेग नाहीच, वेग म्हणजे आत बसलेली माणसं. प्रत्येक जहाजात तीस वल्हेकरी. तीस असतील तर वेग ६. एक कमी झाला तर ५.८. धडक बसली तरच माणूस कमी होणार, एरवी नाही. कोडमध्ये माणूस कमी करणारी ओळ एकच होती, आणि ती मीच लिहिलेली.

अडलं ते शत्रूच्या जहाजांपाशी. ती आपोआप चालायला हवी होती, आणि माझी जहाजं नुसती भरकटायची.

“काय बे,” इरफान म्हणाला, “तुझी जहाजं सात रस्त्यावरच्या रिक्षा झाल्यात. हात एकीकडं दाखवणार, वळणार दुसरीकडं.”

“मग तू कर.”

“नक्को रे बाबा. आपण लाटा काढतो, त्याच बऱ्या.”

दिवाळीत काकूच्या घराची साफसफाई करताना माळ्यावर आप्पांच्या कार्डांची एक माळ सापडली. कापडात गुंडाळलेली, प्रत्येक पट्टीवर त्यांच्या हातचा नंबर. शेवटची नक्षी, अर्धवट राहिलेली. शेवटच्या अकरा पट्ट्यांवर नुसते नंबर होते, भोकं पाडलेलीच नव्हती. मला वाटलं, ही तर तयार आज्ञांची यादीच आहे. पट्टीच्या डाव्या अर्ध्यातली भोकं म्हणजे डाव्या बाजूच्या वल्ह्यांचा जोर, उजव्या अर्ध्यातली म्हणजे उजव्या. एक पट्टी, एक चाल. मी काकूला विचारलं.

“घे की,” ती म्हणाली. “पर दोरा तोडू नगंस. त्येंनी सोता शिवलाय.”

तीन दुपारी बसून मी सगळी भोकं मोजून भरली. आणि ते जहाज काय सुंदर चाललं म्हणून सांगू... जसं कुणी विचार करून चालवतंय. लढाईला वळसा घालून ते पूर्वेच्या कडेला जायचं आणि तिथे अकरा चाली उभं राहायचं. यात गूढ काही नाही. कोऱ्या पट्ट्या आल्या की वल्ही थांबणारच. मग माळ पहिल्यापासून सुरू झाली की जहाज परत हलायचं.

पण पहिल्या कोऱ्या पट्टीला, कुणाची धडक बसलेली नसताना, त्याचे वल्हेकरी तीसचे एकोणतीस व्हायचे.

प्रत्येक वेळी. मी ती एकमेव ओळ बंद करून पाहिली, तरी तेच. दुसरी एक जुन्या कार्डांची माळ घालून पाहिली, तेव्हा तीसचे तीसच राहिले. कॉलेजच्या लॅबमध्ये दुसऱ्या मशिनवर चालवलं. एकोणतीस. आमचे गाईड सर म्हणाले, “मेमरीचा घोळ असेल, शोध.” मी शोधत राहिलो. सरांनी सगळ्यांना रोज वही लिहायला लावली होती — आज काय केलं, काय चुकलं — आणि ते खाली सही करायचे. माझ्या वहीत त्या महिन्यात दुसरं काही नाही.

मग एके दिवशी इरफान स्क्रीनकडे बघत म्हणाला, “वेग बघ.”

माणसं एकोणतीस. वेग ६.

वेग माणसांवरूनच निघतो. एकोणतीसला ५.८ यायलाच हवा. मी हातानं गणित केलं, त्यानं केलं.

“म्हणजे एक जण मोजला जात नाय,” इरफान म्हणाला, “पण वल्हं चालू आहे त्याचं.”

त्यानं हे सहज म्हटलं. त्याला आमच्या घरचं काही माहीत नव्हतं. मी लॅबमधून उठून बाहेर नळावर गेलो आणि बराच वेळ तोंड धूत राहिलो.

संक्रांतीच्या आधी अण्णा केमहून आले. चहा झाला तरी त्यांनी पिशवीत हात घातला नाही.

“आन् पुडी?” काकूनं विचारलं.

अण्णा खाली बघत म्हणाले, “वैनी, बारा वर्सं पुरी व्हत्यात आता. भावकीत सगळ्यांचं म्हननं पडलं... दर्भाचा पुतळा करून क्रियाकर्म उरकून घ्यावं. त्येंच्या जिवाला बी गती मिळंल.”

काकू मशिन चालवत राहिली. कड संपल्यावर दोरा दातानं तोडून म्हणाली, “कुंकवाच्या गावचा मानूस, आन् मला कुंकू पूस म्हनाय आलाय.”

“मी न्हाय म्हनत वैनी. बारा वर्सं म्हनत्यात.”

“बारा वर्सं बोलत्यात व्हय? मग त्येंनाच इचारा, मानूस कुटं ठिवला.” मग तिनं माझ्याकडे पाहिलं. “संदीप, तू शिकलेला हायस. तू सांग. तू म्हनशील तसं करू.”

अण्णांनीही माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत मला स्पष्ट दिसत होतं — हो म्हण, म्हातारी सुटेल. माझ्या एका शब्दावर तिचं कपाळ होतं. बारावीपर्यंत मला घरात कुणी काही विचारलं नव्हतं.

मी म्हणालो, “नको करायला. आप्पा आहेत.”

“कशावरनं?” अण्णांनी विचारलं.

गेमचं काय सांगणार? जहाजातला एक माणूस मोजला जात नाही पण वल्हं मारतोय, हे अण्णांना कसं सांगू? आणि इथेच मी ती गोष्ट केली जिच्यासाठी आज हे लिहितोय. मी खोटं बोललो. म्हणालो, “वर्गातल्या एकाच्या काकांनी हैदराबादला बघितलं म्हणे. मागावर.”

हैदराबाद का? जहाज पूर्वेला जायचं म्हणून. दुसरं काहीही कारण नव्हतं. आमच्या गल्लीतल्या निम्म्या घरांची नाती तिकडे आहेत, त्यामुळे ते खरं वाटण्यासारखंही होतं. जहाज कार्डांमुळे पूर्वेला जातं, हे मला पक्कं माहीत होतं, तरीही मी बोललो.

काकूनं मशिनवर कापड टाकलं आणि दोन दिवसांत अण्णांना घेऊन हैदराबादला गेली. माझी प्रॅक्टिकल होती, मी गेलो नाही. चार दिवस दोघं आप्पांचा फोटो घेऊन विणकरांच्या गल्ल्या हिंडले. परत आली तेव्हा काकूचे पाय सुजलेले होते.

“हैदराबाद लई मोटं हाय रे,” एवढंच ती म्हणाली. मग पाय गरम पाण्यात सोडून म्हणाली, “पर बरं वाटलं. कुनीतरी शोदाय तर गेलं.”

अण्णा माझ्याशी बोलले नाहीत. जाताना मात्र पिशवीतून पुडी काढून फळीवर ठेवून गेले.

फेब्रुवारीत आमच्या गल्लीतले मास्तर घरी आले. मास्तर म्हणजे आप्पांच्याच कारखान्यात कार्डं पाडणारे, घरी तेलुगू बोलणारे म्हातारे गृहस्थ. मी टेबलावर माळ पसरून परत एकदा भोकं तपासत होतो. त्यांनी चष्मा वर केला, एक पट्टी उचलली आणि हसू लागले.

“बाबू, तू हे पाठीवरून वाचतोय काय?”

“नंबर याच बाजूला आहे ना मास्तर?”

“सगळे लोक नंबर पोटावर टाकतात. तुझा आप्पा एकटा पाठीवर. आम्ही चिडवायचो त्याला — सगळं उलटं करतोय म्हणून. तो म्हणायचा, पोटाला शाई लागली तर मागाच्या सुयांना लागंल.” त्यांनी पट्टी उलटी करून माझ्यासमोर ठेवली. “असं वाच. आता डावं ते उजवं झालं बघ.”

मास्तर गेल्यावर मी प्रोग्रॅममध्ये डावं-उजवं बदललं आणि गेम चालवला. जहाज तोच वळसा घालून, तसंच, पश्चिमेच्या कडेला गेलं. अकरा चाली उभं राहिलं. एकोणतीस माणसं, वेग ६.

पश्चिमेला काय आहे? कोकण आहे, समुद्र आहे. पण काकूला काय सांगणार होतो? की हैदराबाद नाही, विरुद्ध दिशेला जा? तिचे पाय अजून उतरले नव्हते. आधीचं खोटं उघडं पडलं असतं. आणि मनातला शिकलेला माणूस सांगत होता की हा मूर्खपणा आहे, भोकांवरून माणसं सापडत नाहीत. मी ठरवलं — परीक्षा होऊ दे, मग मी एकटाच जाऊन बघेन. कुठे जाणार होतो ते मलाही माहीत नव्हतं. खरं सांगायचं तर मी टाळत होतो. विधी थांबवण्याइतका माझा त्या जहाजावर विश्वास बसला होता, पण एसटीत बसण्याइतका बसला नव्हता.

होळीच्या आदल्या दिवशी, सकाळी साडेअकराच्या सुमारास, आम्ही लॅबमध्ये शेवटची चाचणी घेत होतो. इरफाननं माझ्या कोपराला हात लावला.

“कोड बदलला काय तू?”

“नाही. का?”

“आता गणित बरोबर येतंय.”

माणसं एकोणतीस. वेग ५.८.

आम्ही सहा वेळा चालवून पाहिलं. ५.८. “चला, बग गेला,” असं इरफान म्हणाला, पण त्याचा आवाज नेहमीचा नव्हता. तोवर मी त्याला सगळं सांगितलेलं होतं. मी वहीत लिहिलं: ‘आज वेग ५.८ आला. कोडमध्ये काहीही बदल नाही.’ सरांनी सही करून शेजारी एक प्रश्नचिन्ह काढलं. ती वही माझ्याकडे आहे. तारीख, सही, प्रश्नचिन्ह, सगळं आहे.

दुसऱ्या दिवशी काकूनं पुरणपोळी केली. दर सणाला करते तसं आप्पांचं ताट वेगळं वाढून झाकून ठेवलं. तिच्या कपाळावर ताजं कुंकू होतं. मला घास जाईना.

“पुरन बिगडलंय व्हय?” तिनं विचारलं.

“नाही काकू. पोट बरं नाही.”

तिनं विषय बदलला. त्यानंतर दोन महिने रोज सकाळी ती आरशासमोर उभी राहायची तेव्हा मी काहीतरी कारण काढून बाहेर जायचो. कळलेलं सांगायची हिंमत नव्हती, आणि कळलंय तरी काय, तेही सांगता येत नव्हतं. स्क्रीनवरच्या एका आकड्यावरून मी एका बाईचं कुंकू राखलं होतं, दुसऱ्या आकड्यावरून ते पुसायचं कसं?

मी या सगळ्याची कारणं शोधलीत. मशिनं बदलली, सगळा कोड दुसऱ्यांदा पहिल्यापासून लिहिला, सरांच्या ओळखीच्या पुण्यातल्या एका जाणकारांना पाठवला. त्यांनी कळवलं की या कोडमध्ये एकोणतीस माणसांना ६ वेग येणं शक्यच नाही. मी आणि इरफाननं तो चार महिने रोज पाहिला. यापुढे मला काही म्हणता येत नाही. तुमच्यापैकी कुणाला कारण सुचलं तर जरूर लिहा, मी खरंच वाचेन. फक्त ‘योगायोग’ एवढंच लिहू नका. तो शब्द मी स्वतःला रोज सांगून पाहिलाय.

मे महिन्यात, प्रोजेक्ट जमा करून झाल्यावर, मास्तर एक पत्र घेऊन आले. कारखान्याच्या पत्त्यावर आलेलं. कारखाना आता बंद आहे, म्हणून पोस्टमननं ते इकडेतिकडे फिरवून शेवटी मास्तरांकडे दिलं होतं. कोकणातल्या एका लहान बंदरावरून, जाळी दुरुस्त करण्याच्या शेडच्या मालकानं लिहिलेलं. सोबत पुठ्ठ्याची एक भोकं पाडलेली पट्टी होती. तिच्यावर कारखान्याचा शिक्का, आणि पाठीवर नंबर.

काकूनं मशिन थांबवलं. “वाच,” ती म्हणाली. “दमानं वाच. काय गाळू नगंस.”

मी वाचलं. हे गृहस्थ दहा-अकरा वर्षांपूर्वी त्यांच्याकडे आले. नाव-गाव सांगितलं नाही, फक्त सोलापूर म्हणाले, म्हणून सगळे त्यांना सोलापूरकाका म्हणायचे. हात चांगला होता, फाटलेलं जाळं अंधारातही विणतील असा. होडीत मात्र कधी बसले नाहीत, पाण्याला भ्यायचे. होळीच्या आदल्या दिवशी सकाळी ते वारले. त्रास झाला नाही. लोकांनी रीतसर सगळं केलं. ट्रंकेत ही पट्टी सापडली, तिच्यावरचा शिक्का बघून पत्र टाकत आहे.

काकूनं मला तो दिवस परत वाचायला लावला. मग पदर कपाळापर्यंत नेला आणि तसाच धरून ठेवला. पुसलं नाही.

“फुडं?” ती म्हणाली.

पुढे दोनच ओळी होत्या. मी त्या कशा वाचल्या मला आठवत नाही. त्या अशा होत्या:

‘इतक्या वर्षांत त्यांनी घरचा विषय कधी काढला नाही. पण यंदा दिवाळीपासून रोज सकाळी ते काम सोडून एसटीच्या थांब्यावर जाऊन बसत. विचारलं तर म्हणत, घरचं पोरगं मला शोधतंय, आज-उद्या पोचेल.’